आधी अम्मीला सांग

दुबईच्या व्यापाऱ्याला एका वाक्यात गप करणारा माणूस आमच्या बोरीच्या पट्ट्यात एकच हाय, आन् तो म्हंजे मी. ते वाक्य जिंतूरच्या वकील आपानं माझ्याकडून हप्ताभर घोकून घेतलं होतं, आन् ऐन टायमाला त्यातलं निम्मं मी विसरलो, एवढंच.

आपा आता न्हाई. पण जिंतूरच्या स्टँडवर उतरलं की माझे पाय अजून कोर्टामागच्या गल्लीकडंच वळतात. बायकोनं सांगितलेलं सामान राहतं बाजारात, आन् मी उभा त्या निळ्या दारापुढं. दारावर आपाच्या नावाची पाटी तशीच हाय. नावापुढं दोन ओळी भरून डिग्र्या हायेत म्हणतात. मला वाचता येत न्हाई, पण पाटी वळखू येते, कारण तिच्या कोपऱ्याचा टवका माझ्याच सायकलच्या हँडलानं उडालेला हाय.

त्या दारातून आत गेलं की बाहेरल्या खोलीत आपाचं हापिस. टेबल, दोन खुर्च्या, पुस्तकांचं कपाट, आन् मधी फुलाफुलांचा पडदा. पडद्याआड आपाची आई, अम्मी, चटईवर डाळ निवडत बसायची. दोन माणसांच्या घरात एवढी डाळ कोण खातं, हे कोडं मला अजून सुटलं न्हाई. कुणी सही करायला आलं की आपा त्याच्या हातातून कागद घ्यायची, टेबलावर पालथा घालायची, वर चष्म्याची डबी ठेवायची आन् पडदा सरकवून म्हणायची, "आधी अम्मीला सांग."

"काय सांगू?"

"कशावर सही करायलास ते."

मंग तो माणूस, डॉक्टर असो का जमीनदार, अम्मीपुढं उकिडवा बसून सांगायचा. अम्मीला कमी ऐकू यायचं, आन् अक्षराची वळख माझ्याइतकीच. तिला पटलं तर ती म्हणायची, "समझ्या." न्हाई पटलं तर "नै समझ्या," आन् हात परत सुपात. नै समझ्या झालं की सही न्हाई. माणूस कागद घेऊन घरी.

एकदा एक मोठा माणूस लय चिडला. म्हणला, "वकील तुमी का तुमची आई?" आपा म्हणली, "जे अम्मीला सांगता येत न्हाई ते उद्या जजला कसं सांगाल? जज तर अम्मीपेक्षा कमी ऐकतो."

माझी आन् तिची गाठ पडली ती मी डायरेक्टर झालो तवा. हसू नका. आमच्या गावानं हळद इकायला शेतकऱ्यांची कंपनी काढली होती. लग्नात कसं, भावकीतल्या एकेकाला बोलावून फेटा बांधतात, नसता रुसवा होतो, तसे आमी डायरेक्टर निवडले. गल्लीमागं एक. आमच्या गल्लीत दोन वजनदार माणसं होती, पण त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. माझ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. माझ्यामुळं कुणाचंच वजन वाढत नव्हतं ना. त्यात मी लग्नात माईकवर बोलणारा. "वराकडल्या मंडळींनी पंगतीला बसावं," एवढं बोलून मी लोकांचे संसार सुरू करून दिलेत. गावाला वाटलं, कंपनीला बोलणारा माणूस लागतोच.

चेअरमन मारोतराव तात्या. तात्या आमाला सगळ्यांना जीपमधी कोंबून सह्यांसाठी आपाकडं घेऊन गेला. माझी पाळी आली. आपानं कागद पालथा घातला.

"सोपान, डायरेक्टर म्हंजे काय? अम्मीला सांग."

मी म्हणलं, "अम्मी, डायरेक्टर म्हंजे फोटोत पुढल्या ओळीत बसणारा."

"नै समझ्या," अम्मी म्हणली.

सगळे हसले, मीबी हसलो. आपा हसली न्हाई. ती खुर्चीवरनं उठून चटईवर माझ्यापुढं येऊन बसली. उन्हाळ्यातबी काळा कोट, खिशात लवंगा, बोलताना एक लवंग दाढंखाली.

"ऐक. कंपनी म्हंजे एक अलग माणूस. कागदावर जन्मलेला. त्याचं नाव त्याचं, त्याचं देणं त्याचं. तो पडला तर त्याचा तो पडतो, तुझ्या घराला हात लागत न्हाई. पण त्या माणसाला हात न्हाईत आन् जीभ न्हाई. त्यानं तुमचे हात आन् तुमची जीभ घेतलीय. हात सरळ चालले तोवर देणं भरणार कंपनी. जीभ खोटं बोलली, की कोर्ट इचारतं, ही जीभ कुणाच्या तोंडात होती? मंग कंपनी बाजूला ऱ्हाती आन् तोंडवाला पकडला जातो."

मी म्हणलं, "आपा, आमच्या गल्लीनं मला जिभेसाठीच निवडलंय."

"म्हणूनच तुला दोनदा सांगायलीय," ती म्हणली.

मंग मी अम्मीला सांगितलं, की कंपनी मुका माणूस हाय, आन् मी त्याच्या वतीनं बोलणार हाय. अम्मीनं माझ्याकडं लय वेळ बघितलं. "समझ्या," म्हणली, आन् आपाला म्हणली, "बिचारी कंपनी."

आपाचे अब्बाबी वकीलच. निजामाच्या काळातले शब्द त्यांच्याकडनं तिच्या तोंडी आलेले. सहीला दस्तखत, नुकसानभरपाईला हर्जाना. लग्न केलं न्हाई. स्कूटीवर पायापाशी कागदाचं पोतं ठेवून कोर्टात जायची. रस्त्यात शेळी आडवी आली तर हॉर्न वाजवायची न्हाई, थांबून शेळीला म्हणायची, "तुझं काय म्हणणं हाय?" मी एकदा मॅडम म्हणलो तर म्हणली, "मॅडम परभणीला भेटतात. इथं आपा."

आता दुबईचं सांगतो.

दुबईला मसाल्याचा धंदा करणारा एक व्यापारी, त्याला आमची हळद पायजे होती. तो म्हणला, गोदाम बघायला येतो. आता आमच्याकडं बघायला येणं म्हंजे एकच. पोरगी बघायला पाव्हणे यायचे असले की सगळी गल्ली कामाला लागते. याची मोटरसायकल दारात, त्याची बैलं दावणीला, धान्याची पोती शेजाऱ्यांची. पाव्हणे जेवून गेले की ज्याचं त्याला परत. याला कुणी खोटं म्हणत न्हाई. मपल्या लग्नातबी हेच झालं. सासऱ्याला दाखवलेली म्हैस लग्नानंतर आठ दिवस माझी बायको शोधत होती.

तर कुणी ठरवलंबी न्हाई, कुणी सांगितलंबी न्हाई, आदल्या दिवशी घराघरातली हळदीची पोती कंपनीच्या गोदामात आली. पत्र्यापर्यंत थप्पी लागली. दुबईचा पाव्हणा आला, हिंदी बोलणारा, गोरापान, सारखा घाम पुसणारा. मी माईकवाला, म्हणून गोदाम दाखवायचं काम माझ्याकडं. मी असा हात फिरवला आन् म्हणलं, "ये सब कंपनी का." पाव्हण्यानं पोत्यात हात घातला, हळकुंड मोडून बघितलं, वास घेतला. खूश झाला. तात्याच्या घरी जेवण झालं, आन् पान खाताखाता त्यानं बॅगेतनं करार काढला.

आता पाव्हणा ताटावरनं उठलेला, हातात पेन. त्याला कोण म्हणणार, थांबा, जिंतूरला एक म्हातारी हाय, तिला आधी सांगून येतो? सगळ्यांनी सह्या केल्या. मी अंगठा लावत न्हाई बरं का, सही करतो. सही माझी चांगली हाय, फक्त ती काय लिहिलीय ते मला सांगता येत न्हाई.

पाव्हणा गेला, पोती ज्याची त्याच्या घरी गेली. पुढं भाव चढला तसे लोक आपापली हळद घेऊन वसमतच्या बाजारात गेले. कंपनीची म्हणावी अशी हळद उरली ती गोदामाच्या एका भिंतीला. आन् करारात होतं, की ठरल्या टायमाला सगळा माल बंदरावर, नसता जे नुकसान होईल ते भरून द्यायचं, आन् भांडण झालं तर ते दुबईला बसून मिटवायचं. हे माझ्या शाळेत जाणाऱ्या पुतणीनं वाचून दाखवलं तवा मला कळालं. माझ्याकडं पासपोर्ट न्हाई म्हणून मी थोडा निवांत होतो. मला वाटलं, बोलावलं तरी नेणार कसं.

तात्याला मात्र घाम फुटला. त्यानं तोड काढली. म्हणला, वादळ आलं, गोदामाचा पत्रा उडाला, हळद भिजली, असं लिहून देऊ. देवाच्या करणीला कोण काय करतं? ते पत्र कायद्याच्या भाषेत लिहायला आमी जिंतूरला गेलाव.

आपानं सगळं ऐकलं. कागद पालथा घातला. "अम्मीला सांगा."

तात्या म्हणला, "सोप्या, तू सांग."

मी चटईवर बसलो. "अम्मी, आमच्याकडं वादळ आलं."

"कब?"

"त्या अमावस्येच्या आसपास."

"जिंतूर में तो पत्ता नै हल्या," अम्मी म्हणली. "नै समझ्या."

"आमच्या गावापुरतंच होतं, अम्मी. आन् त्यात आमचा पत्रा उडाला."

"कुठं पडला?"

हे तात्यानं मला सांगितलंच नव्हतं. मी मागं बघितलं, तर तात्या पुस्तकाचं कपाट बघायलाय. मी म्हणलं, "पत्रा परत आला, अम्मी."

आपानं तोंडापुढं ओढणी धरली. अम्मी डाळीतले खडे काढीत राहिली, आन् मला का कुणास ठाऊक, लय लाज वाटली. माईकवर हजार माणसांपुढं न लाजणारा मी. मी म्हणलं, "अम्मी, ते जाऊ द्या. तुमच्याकडं पोरगी बघायला येतात का?" आन् मी सगळं सांगितलं. पोती कुणाची, थप्पी कुणाची, हात कसा फिरवला ते.

अम्मीनं सूप खाली ठेवलं. "समझ्या," म्हणली. "लडकी पसंत पडली, आन् घर शेजाऱ्याचं निघालं."

"झालं," आपा म्हणली. "अम्मीला समजलं. आता हेच दुबईला सांगायचं."

तात्या उसळला. "आपा, तुमी आमच्या वकील का त्याच्या? हे सांगितलं तर आमची शेतं जातील."

आपा मला म्हणली, "सोपान, मी लग्नाला तुझा माईक ठरवला. तुझी मशीन जळाली. मी दुसऱ्या गावचा माईक आणला, तो मला महाग पडला. तू काय देशील?"

"वरचा फरक देईन."

"आन् मी दुसरा माईक बघायलाच गेले न्हाई. नुसती बसून राहिले, आन् म्हणले, लग्नाची शोभा गेली, आता मांडवापासून जेवणापर्यंत सगळा खर्च तू दे. मंग?"

"मंग मी म्हणीन, आपा, तुमी बसून कशाला राहिलात?"

"बस. हा हर्जान्याचा कायदा. ज्याचं नुकसान व्हायलंय त्यानंबी हातपाय हलवले पायजेत. पण मशीन जळाली हे तू मला कधी सांगशील? वऱ्हाड दारात आल्यावर?"

"न्हाई. जळाली की लगेच."

आपा तात्याकडं वळली. "समजलं? आज सांगितलं तर त्याला दुसरीकडनं माल घ्यायला टाइम हाय, आन् तुमच्यावर येईल तो फरक, तो कंपनीवर. गप बसलात तर तो पुढच्या गिऱ्हाइकांना शब्द देत राहील, आन् ते सगळं तुमच्या डोक्यावर. आन् वादळाचं लिहिलंत, तर मंग कंपनी बाजूला. मंग दुबईवाले ज्यांच्या सह्या त्यांच्या घरात येतील, आन् त्यांना आडवायला मी येणार न्हाई."

"खरं सांगितल्यावर येणार न्हाईत, याची गॅरंटी?" तात्यानं इचारलं.

"न्हाई," आपा म्हणली. "गोदामात हात फिरवलाय तुमी. तरीबी तो मानगूट धरू शकतो. पण आपणहून सांगणाऱ्याच्या बाजूला मला उभं राहता येतं. खोटं लिहिणाऱ्याच्या बाजूला उभं राहून मी काय बोलू? पत्रा परत आला?"

बोलायचं काम माझ्याकडं आलं, कारण हात मी फिरवला होता. आपानं एक हिंदी वाक्य बनवून दिलं: आपको जो माल दिखाया वो पूरा कंपनी का नहीं था, आज इसलिए बता रहे हैं कि बाकी माल आप दूसरी जगह से ले सको. पाव्हण्यानं फोनसाठी पुढल्या हप्त्यातला टाइम दिला, तोवर हप्ताभर मी ते जनावरांना पाणी पाजताना म्हणलो. आपाच्या टेबलावर मोबाइल उभा केला, त्यात दुबईचा पाव्हणा दिसायला लागला, आन् मी "वो पूरा" पर्यंत गेलो, आन् पुढं कोरं.

सगळे माझ्याकडं बघायलेत. मी म्हणलं, "भाईसाब, आपके उधर लडकी देखने को आते क्या?"

आपानं डोळे मिटले. पण थांबवलं न्हाई. मी माझ्या हिंदीत सगळं सांगून टाकलं, आन् आपा मधी एवढंच बोलली, की तुमी बाकीचा माल आजच दुसरीकडं बघा. पाव्हणा एकदम गप झाला. मला वाटलं फोन बंद पडला. मंग त्यानं इचारलं, "तुम्हारा कितना था?"

"खिडकी के बाजू की दीवार, भाईसाब. बाकी सब गाव का."

"और वो खाना?"

"खाना तात्या के घर का. ताट शेजारच्यांचे."

त्यानं फोन ठेवून दिला. दुबईच्या व्यापाऱ्याला गप केला म्हणतो तो हा असा.

त्याच्या वकिलाची पत्रं आली, आपाची गेली. कैक महिने चाललं. आमी सगळे डायरेक्टर एकमेकांच्या दारात जाऊन नुसते बसायचाव. माझ्या बायकोनं शेताच्या कागदाची पिशवी उशाखाली घेतली होती. शेवटी त्यानं बाकीची हळद तेलंगणातनं घेतली, आमची भिंतभर घेतली, आन् फरकापुरती पुढल्या हंगामाची हळद मागितली. ती कंपनीनं दिली. कुणाचं घर गेलं न्हाई, शेत गेलं न्हाई.

आपा म्हणली, "पाव्हणा भला निघाला, म्हणून. आता गावात शहाणपण सांगत फिरू नको." मी पुढच्याच लग्नात माईकवर सांगितलं.

तात्यानं मात्र कंपनीचं काम परभणीच्या वकिलाकडं नेलं. तिथं एसी हाय, आन् आई न्हाई. आपाला मी चाचरत सांगितलं तर म्हणली, "जाऊ दे. तू येतोस ना डोकं खायला."

मी जायचो खरंच. लाइटबिल घेऊन जायचो, गॅसचं पुस्तक घेऊन जायचो, बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी घेऊन जायचो. आपा वाचून दाखवायची, मंग तेबी पालथं घालायची. "अम्मीला सांग." मी सांगायचो, अम्मी समझ्या म्हणायची, मंग चहा. माझ्यासारख्या माणसाचं बोलणं लोक हसायला ऐकतात. त्या घरात दोन बाया ते समजून घ्यायला ऐकायच्या. हे मला तवा कळालं न्हाई. तवा मला वाटायचं, चहासाठी जातो.

मंग आपाचा खोकला वाढला. हैदराबादला चुलतभावाकडं राहून दवाखाना केला, परत आली ती अर्धी होऊन. मी भेटायला गेलो तर बाहेरल्या खोलीत टेबल न्हाई, खाट. कोट खुंटीला. मी बरेच विनोद केले, एकबी चालला न्हाई. शेवटी म्हणलं, "आपा, तुमी गेल्यावर आमचं जे नुकसान होईल, त्याचा हर्जाना कुणाकडं मागायचा?"

ती बारीक हसली. लवंग होतीच दाढंखाली. म्हणली, "कुणाकडंच न्हाई. मी तुला आधी कळवायलीय ना? आजपासून दुसरा वकील बघायला लाग."

पावसाळ्याच्या आधी ती गेली. कोर्टातले लोक आले होते, गल्लीतले आले होते. तात्याबी आला होता, लांब उभा होता.

दुसरा वकील मी बघायलाच गेलो न्हाई. नुसता बसून राहिलो. म्हंजे तिच्याच कायद्यानं माझं नुकसान माझ्याच डोक्यावर हाय, ते कुणाकडं मागता येत न्हाई. कधीमधी स्कूटीचा आवाज येतो आन् मी वळून बघतो. शेळी आडवी आली तरी स्कूटीवाला थांबत न्हाई. आपा न्हाई, हे मला परत नव्यानं कळतं.

यंदा दुबईच्या पाव्हण्याचा फोन आला. त्याला परत हळद पायजे. परभणीच्या वकिलानं करार बघून पाठवला, सगळ्या डायरेक्टरनी सह्या केल्या, माझी एक राहिली. तात्या म्हणला, "तुझं काय अडलंय?" मी म्हणलं, जिंतूरला काम हाय.

निळं दार उघडंच होतं. अम्मी चटईवर, पुढं सूप. आता तिला दिसतबी कमी, खडे बोटानं चाचपून काढते. मी कागद पालथा घातला. वर ठेवायला चष्म्याची डबी नव्हती, म्हणून माझी तंबाखूची डबी ठेवली. आन् पुतणीनं वाचून दाखवलेलं मोठ्यानं सांगितलं, की किती पोती, कधी द्यायची, न्हाई दिली तर काय.

"गोदाम?" अम्मीनं इचारलं.

"आपल्याच हळदीनं भरलंय, अम्मी. पाव्हण्याला म्हणलंय, माणूस पाठव आन् पोती मोजून घे."

"समझ्या."

मी तिथंच सही केली. उठवंना. मंग मनात होतं ते इचारून टाकलं. म्हणलं, "अम्मी, त्या येळेस मी खरं बोललो म्हणून सगळे वाचले. आपा माझ्याबद्दल काही म्हणायची का हो?"

"म्हणायची ना," अम्मी म्हणली, सुपातनं हात न काढता. "म्हणायची, खोटं बोलायला अक्कल लागते, अम्मी. याच्याकडनं खरंच बोलवून घ्यावं लागतं."